न्युकी जाझ, खरी आणि पहिली

शनिवार, १ सप्टेंबर २०१८. टबोरा.

नवी वही. जुनी सलोमेच्या आईने चूल पेटवायला घेतली. म्हटलं, अगं, त्यात बँडचा इतिहास होता. म्हणाली, तरीच भुर्रकन पेटली. चाळीसच्या वर वर्षं संसार केला, पण या बाईला संगीताचा कान नाही.

आज बाजारात पाझीची नवी गाडी पाहिली. दोन्ही बाजूंना पिवळ्या अक्षरांत ‘न्युकी जाझ’. शेजारी मधमाशीचं चित्र. माशीला पाय चार. दुसऱ्या बाजूला जाऊन मोजले, तिथेही चारच. ज्याला माशीचे पाय मोजता येत नाहीत तो ताल काय मोजणार.

नाव माझं. मधाच्या गावातल्या बँडला न्युकी, म्हणजे मधमाशी, हे नाव द्यावं, हे १९७४ साली मला, फिदेलिस म्साबिलाला, सुचलं. रेल्वेच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. पाझी तेव्हा माझ्या बँडमध्ये खुळखुळा वाजवायचा. आता माशा माझ्या आणि मध त्याचा.

संकल्प. रोज सकाळी तासभर ट्रम्पेट. तंबाखू बंद. आणि महिनाअखेर टबोरात न्युकी जाझ एकच उरेल, ती माझी.

रविवार, २ सप्टेंबर

रविवारी फुंकणं बरं नव्हे. चर्चबाहेर न्क्वाबीने तंबाखूची चिमूट पुढे केली. न्क्वाबी माझा ड्रमवाला. स्वतःच्या ड्रमवाल्याला नाही म्हटलं तर बँड टिकायचा कसा. एकच घेतली.

दोन.

सोमवार, ३ सप्टेंबर

ट्रम्पेट काढला. झडपा अडकल्या होत्या. सूर्यफुलाचं तेल घातलं. आता खाली जातात, वर येत नाहीत. म्हणजे अर्धं काम झालं. फुंकणं उद्यापासून.

मंगळवार, ४ सप्टेंबर

तीन पानी अर्ज घेऊन संस्कृती खात्याच्या कचेरीत गेलो. तिथली अधिकारी बाई माझ्या नातीच्या वयाची. तिने रजिस्टर उघडलं. न्युकी नावाच्या नोंदी चार. न्झेगाची न्युकी जाझ, १९६८, बंद पडलेली. म्वांझाचा एक कॉयर. इथल्या शाळेतल्या मुलींचं नाचाचं पथक. आणि पाझी. मग विचारते, बाबा, यात तुमची कुठे आहे? सांगितलं, खऱ्या गोष्टीची नोंद करावी लागत नाही, पावसाची नोंद कोण करतं? म्हणाली, हवामान खातं करतं.

शिकली की माणसं अशी होतात.

न्झेगावाल्यांचं लिहून ठेवतो. १९६८ साली मी त्यांना ऐकलं होतं, हे खरं. आवडले होते, हेही खरं. पण त्यांच्याकडे ट्रम्पेट नव्हता, तेव्हा ते धरायचं कारण नाही. कॉयरला बँड म्हणत नाहीत. मुली तर नाचतात. उरला पाझी. तो चोर.

गुरुवार, ६ सप्टेंबर

सलोमेच्या आईचं म्हणणं, अर्ज कसले खरडता, एक कोंबडी नेऊन द्या आणि नाव घेऊन या. म्हटलं, त्या कोंबडीचा इथे काही संबंध नाही. म्हणाली, संबंध आहे तो फक्त कोंबडीचाच आहे. विषय बंद केला. तोवर ताटातली मक्याची उगाली थंडगार.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

कोंबडीचा संबंध का नाही हे एकदा नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यात घोळ राहणार नाही.

पाझी झरामो, किनाऱ्याकडचा. आम्ही न्यामवेझी. आमचे पणजे हस्तिदंताची ओझी डोक्यावर घेऊन त्यांच्या किनाऱ्यापर्यंत पायी जायचे, तेव्हापासून त्यांचं-आमचं थट्टेचं नातं. ते आम्हाला हमाल म्हणणार, आम्ही त्यांना नारळ पडायची वाट बघत झाडाखाली लोळणारे म्हणणार. आमच्या मयतीला येऊन ते मेलेल्याची नक्कल करणार, रडणाऱ्याला हसवणार, हाताला लागेल ती वस्तू उचलणार. ती कोंबडी देऊन सोडवायची. जो रागावला तो हरला. रीत चांगली आहे. दोन वर्षांमागे माझा धाकटा भाऊ ग्रेगोरी गेला, तेव्हा पाझी आला नसता तर मी चटईवरून उठलो नसतो.

तर त्या दिवशी पाझीने माझ्या मांडीवरचा ट्रम्पेट उचलला. म्हणे, हमालाचं ओझं हलकं करतो. मी म्हटलं, ट्रम्पेटला हात लावू नकोस, न्यायचंच असेल तर बँडचं नाव ने, तसंही पडूनच आहे. सगळी मयत हसली. मीही हसलो, म्हणजे किती बेसावध होतो ते दिसतं. पाझीने ट्रम्पेट खाली ठेवला, हवेतून काहीतरी चिमटीत धरल्यासारखं केलं आणि खिशात घातलं. महिन्याभरात त्याच्या बँडवर माझं नाव.

चारचौघांत बोललेला शब्द, त्यामुळे कोर्टात जाता येत नाही. रागावताही येत नाही. कोंबडी दिली की नाव परत, हे मलाही कळतं. पण माणसाने स्वतःचं नाव कोंबडीच्या बदल्यात घ्यावं का? तत्त्वाचा प्रश्न आहे. शिवाय आमच्या कोंबड्या सध्या अंड्यांवर बसल्यात. सलोमेची आई विचारते, दोन वर्षं?

शनिवार, ८ सप्टेंबर

सत्याचा विजय. माझी नात न्यामिझी, सलोमेची थोरली, तिची पाठवणी २९ तारखेला, सायंकाळी पाचला. आज सलोमे कार्ड देऊन गेली. खाली छापलंय: ‘संगीत: न्युकी जाझ’.

लेकीने बापाला विचारायचीही गरज ठेवली नाही. परस्पर छापून मोकळी. कार्ड वाचून माझे डोळे भरून आले, तर ती चहा न घेताच निघून गेली. तिलाही भरून आलं असणार.

न्यामिझी जन्मली तेव्हा इस्पितळाच्या आवारात आंब्याखाली उभं राहून मी एक धून वाजवली होती. तिथेच रचली. तिच्या शेवटी एक वरचा सूर आहे, तो लांब धरायचा. त्या सुरावर पोर रडायची थांबली. नर्सने मला हाकलून दिलं, पण थांबली हे तिनेही कबूल केलं. न्यामिझी सात वर्षांची असताना मी तिला शब्द दिला होता की तुझ्या पाठवणीला हीच वाजवीन. ती विसरली असेल. मी नाही.

सोमवार, १० सप्टेंबर

पहिली तालीम. न्क्वाबीच्या बायकोने ड्रममध्ये वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या भरून ठेवल्यात, नोव्हेंबरपर्यंत रिकामा होणार नाही म्हणते. तसाच वाजवून पाहिला. आवाज गंभीर येतो. नवी शैली म्हणून चालेल. कसांडाच्या बास गिटारला चारपैकी दोन तारा उरल्यात. तो म्हणाला, पूर्वीही मी दोनच वाजवायचो. चव्वेचाळीस वर्षांत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. शिस्तीचा माणूस.

मी फुंकलं. वरच्या दोन दातांच्या जागी फट आहे, त्यातून थोडा वारा जातो. पण ट्रम्पेट पोटाने वाजतो, दाताने नव्हे. ठिपक्यांची कोंबडी अंड्यांवरून उठून पळाली. म्हणजे आवाज आहे.

गुरुवार, १३ सप्टेंबर

तालीम नाही. कसांडाचा गुडघा.

पाझीचा बँड शाळेच्या मैदानावर सराव करतो असं कळलं, म्हणून कुंपणाबाहेरून ऐकायला गेलो. त्याच्याकडे ट्रम्पेटवर एक बाई आहे, हदीजा नावाची, शाळेत गणित शिकवते. फुंकते बरी. सूर बेरजेसारखे मांडते, कुठे हातचा विसरत नाही. अशाने संगीत होत नाही. दीड तास चुका शोधत उभा होतो. एक सापडली. ते बहुधा कुत्रं होतं.

पाझीने पाहिलंच. आतून ओरडला, “काय रे हमाला, ओझं मिळालं नाही म्हणून आमचं कुंपण उचलतोस काय?”

म्हटलं, “तू नारळ पडायची वाट बघ.”

“कोंबडी आणलीस?”

मी म्हटलं, कोंबड्या शोधायला सवड कुणाला आहे, नातीच्या पाठवणीला आमचा बँड आहे, कार्डावर छापलंय. त्यावर तो बाजूला बघत टोपी नीट करायला लागला. जन्मात पहिल्यांदा एखादा झरामो गप्प बसलेला पाहिला. हेवा माणसाची जीभ गिळतो.

सोमवार, १७ सप्टेंबर

सलोमे आली होती. म्हणाली, बाबा, तुम्ही पुढच्या रांगेत मोठ्या माणसांच्या खुर्च्यांवर बसायचं. म्हटलं, बँड पुढेच असलेला बरा. मग म्हणाली, बाबा, मला एक सांगायचं होतं. मी तिला बोलू दिलं नाही. लेकीचं मन बापाला कळतं, तोंडाने सांगावं लागत नाही. ती रडली. तिच्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही केलं.

शनिवार, २२ सप्टेंबर

वरचा सूर अकरा वेळा धरला. दहा वेळा आला नाही. अकराव्या वेळी आत कुठेतरी होता, जाणवला.

तंबाखू उद्यापासून बंद. मागच्या वेळी तारीख नीट ठरवली नव्हती, म्हणून गोंधळ झाला.

शुक्रवार, २८ सप्टेंबर

बँडचा निळा सूट काढला. पोटावर बसेना. कापड आटतं. सलोमेच्या आईने दोन्ही बाजूंना पडद्याची पट्टी जोडून दिली. शिवता शिवता म्हणाली, सलोमेचे बाबा, कार्डावर कुठली न्युकी जाझ आहे ते एकदा विचारलंत का? म्हटलं, आकाशात सूर्य किती आहेत ते विचारायला कुणी जातं का.

तिने फडकं घेतलं आणि ट्रम्पेट पुसत बसली. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी हात लावला नव्हता. झडपांतलं तेलही काढलं. आता वर येतात.

रविवार, ३० सप्टेंबर, सकाळी

जे घडलं ते लिहितो. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी मैफल.

सुरुवात बरी नव्हती. आम्ही तिघे हॉलवर पोचलो तर दारात पाझीची गाडी. स्टेजवर पाझी, हदीजा आणि त्याची सगळी पलटण, पिवळ्या शर्टांत. मी सलोमेला म्हटलं, ही माणसं माझ्या जागेवर का उभी आहेत. सलोमेने मान खाली घातली. म्हणाली, “बाबा, मी यांनाच बोलावलं होतं. तुम्हाला सांगायला दोनदा आले.”

न्क्वाबीला एका कानाने ऐकू येत नाही, नेमका दुसरा कान तिच्या बाजूला होता. त्याने ड्रम खाली ठेवला. आतल्या चकत्या खुळखुळल्या.

मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो. ट्रम्पेट मांडीवर. सलोमेच्या आईने माझ्या हातात जेवणाची ताटली दिली. तिला वाटतं जेवलं की सगळं ठीक होतं. भात, कोंबडीची तंगडी. तशीच धरून बसलो.

मग केकचा मान. न्यामिझी एकेका मोठ्या माणसाला केक भरवत आली. माझ्यासमोर गुडघे टेकले, घास दिला आणि हळूच म्हणाली, “आजोबा, ती आंब्याखालची धून आहे ना? तुम्ही म्हणाला होतात.”

पोर विसरली नव्हती.

मला बोलता येईना, तोंडात केक होता. पण पाझीचे कान सशाचे. माइकमधून त्याचा आवाज आला, “अरे हमाला, नात मागतेय आणि तू ओझं मांडीवर घेऊन बसलास? स्टेज न्युकी जाझचं आहे. माझी कोंबडी कुठाय?”

अख्खा हॉल हसला. ग्रेगोरीच्या मयतीला हसलेलीच माणसं होती त्यात बरीचशी. दोन वर्षं मी या हसण्यापासून तोंड लपवत होतो आणि आता ते मला घेरून बसलं होतं.

मी उठलो. ट्रम्पेट एका हातात, ताटलीतली तंगडी दुसऱ्या हातात. स्टेजवर चढलो आणि तंगडी त्याच्यापुढे धरली.

“ही कोंबडी?” पाझी म्हणाला. “ही अख्खी नाही.”

“नावही तू अख्खं कुठे वापरलंस? माशीला पाय चारच दिलेस.”

तो इतका हसला की माइक खाली पडला. मग तंगडी घेतली, सगळ्यांसमोर एक घास तोडला, खिशात हात घालून हवेतलं काहीतरी चिमटीत काढलं आणि माझ्या कोटाच्या खिशात टाकलं. “घ्या हो, टबोराकरांनो. आजपासून नाव हमालाचं.”

नाव परत आलं. आणि मी वाजवलं. पहिल्या ओळीला थोडा वारा गेला, दुसरीला सावरलं. आणि शेवटचा सूर. काय सांगू. लागला. असा लागला की विशीतसुद्धा मी तसा लावला नव्हता. कितीतरी वेळ हॉलच्या छताला चिकटून राहिला. न्यामिझी डोळे पुसत होती, सलोमे बापाच्या गळ्यात. पाझीसुद्धा टोपी काढून उभा.

दात, पोट, सराव, सगळ्या बाताच. ज्याचं नाव त्याचा सूर.

मंगळवार, २ ऑक्टोबर

न्क्वाबी आणि कसांडाला बोलावून सांगितलं की न्युकी जाझ पुन्हा सुरू. गेटवर पाटी लावली: ‘न्युकी जाझ, खरी आणि पहिली’. खाली माझा फोन नंबर. माशीही मीच काढली. पाय सहा. एक जरा दाराकडे गेला.

शनिवार, ६ ऑक्टोबर

सलोमे पाठवणीचा व्हिडिओ घेऊन आली. घरात सगळे बसून पाहिला. कॅमेरेवाला अडाणी. नको तिथे कॅमेरा धरतो.

सगळे गेल्यावर मी तो भाग पुन्हा लावला. पुन्हा एकदा. शेवटच्या सुराला मी स्टेजच्या पुढे आहे. माझे गाल फुगलेले नाहीत. ट्रम्पेट ओठांपासून चांगला वीतभर लांब आहे आणि मी डोळे मिटून मान वर केली आहे. सूर चालू आहे. माझ्या मागे, पाझीच्या खांद्याआडून, हदीजा उभी. तिचे गाल फुगलेले.

कुणाला बोलली नाही ती. परवा बाजारात भेटली तर मलाच म्हणाली, बाबा, त्या दिवशी फार सुंदर वाजवलंत.

सलोमेच्या आईला विचारलं, तुला त्या दिवशीच कळलं होतं का. म्हणाली, मला संगीताचा कान नाही.

बुधवार, १० ऑक्टोबर

पाझीकडे गेलो. गाडीवरचं ‘न्युकी’ खरवडून काढलंय. माशी तेवढी ठेवली, म्हणे तिच्या पायांना आता ओळख आहे. नव्या अक्षरांत ‘वापागाझी जाझ’. वापागाझी म्हणजे ओझी वाहणारे हमाल. म्हणजे आमचे पणजे. थट्टा. रागावता येत नाही. शिवाय त्याच्या बँडला ते नाव शोभतं हे मान्य करायला हवं, फार वजन उचलतात.

अंगणात आमची ठिपक्यांची कोंबडी दाणे टिपत होती. पाझी म्हणाला, “तंगडी सोडून राहिलेली कोंबडी वहिनी आणून देऊन गेल्या. हिशेब पुरा.”

मी हदीजाबद्दल विचारणार होतो. नाही विचारलं. तिच्यासाठी मधाची बाटली नेली होती, ती पाझीकडे ठेवून आलो. सांगितलं, कुणाची म्हणून विचारलं तर मधमाशांची म्हण.

शनिवार, १३ ऑक्टोबर

संकल्प. रोज सकाळी तासभर. तंबाखू बंद. वाचणाऱ्याने ही ओळ मागे वाचलीय असं म्हणू नये, वाचणारा मीच आहे.

दुपारी फोन वाजला. पाटी लावल्यापासूनचा पहिला. उरांबोहून एक गृहस्थ, मुलीची पाठवणी आहे. “न्युकी जाझ ना?”

म्हटलं, “हो. खरी आणि पहिली.”

“पहिली नको हो,” तो म्हणाला. “ती दुसरी. मास्तरीणबाई वाजवतात ती.”

मी पाझीचा नंबर सांगितला. दोनदा सांगितला, म्हणजे चुकायला नको. मग राहवलं नाही म्हणून म्हटलं, शेवटचा वरचा सूर बाईंनाच धरायला सांगा, आणि लांब धरू द्या, घाई करू नका.

त्याने आभार मानले आणि फोन ठेवला. मी कोण ते विचारलं नाही. नाव आता माझ्याकडे होतं, विचारलं असतं तर सांगितलं असतं.